सोनेरी कडेचे दोन कप

कप दोनच होते. इथे जर्मनीत, आमच्या बाड हॉम्बुर्गला अधूनमधून फ्लोमार्क्ट भरतो, म्हणजे आपला जुना बाजारच, फक्त इथे कोणी ओरडत नाही. एका म्हातारीने घडीच्या टेबलावर घरातलं किडुकमिडुक मांडलं होतं. पितळी मेणबत्तीदाण्या, भरतकाम केलेले टेबलक्लॉथ, कोणाच्या तरी नवऱ्याचे टाय. त्यात हे दोन कप. पातळ, सोनेरी कडेचे, अंगावर बारीक जांभळी फुलं. मी पुढे निघाले होते. आई मात्र थांबली. तिने एक कप उचलून उजेडात धरला आणि त्यातून आपली बोटं दिसतात का ते बघितलं.

"अगं, हे बघ. ती बाई प्यायची ना, तसले."

कुठली बाई, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या दोघींच्यात 'ती बाई' एकच. मी म्हटलं, अगं पण दोनच आहेत, सेट कुठाय? तर म्हणाली, पुरेत की, उद्या रेणुका येतेय ना, तू आणि ती. आणि पिशवीतून स्वतःचा जुना रुमाल काढून कप त्यात गुंडाळायला लागली. मला तेव्हा त्यात काही खटकलंही नाही. मी आपली म्हातारीला 'या, या, गेनाऊ', म्हणजे हो, हो, बरोबर, करत बसले होते.

आई पुण्याला परत गेली त्याला आता चार महिने झाले. आज सकाळी त्यातल्या एका कपात चहा ओतला आणि कड ओठाला लागल्याबरोबर आमच्या कोथरूडच्या दोन खोल्यांचा वास आला. चहाचा नाही, रॉकेलचा, गव्हाच्या पिठाचा आणि तापलेल्या टीव्हीचा. त्या टीव्हीला तापल्यावर खरंच वास यायचा, धूळ भाजल्यासारखा. माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणते, 'ममा, फेर्नजेअर रीष्ट निष्ट', टीव्हीला वास नसतो. नसेल बाई. आमच्याला होता.

मालिका विलायती होती. शनिवारी संध्याकाळी लागायची. केबलची वायर शेजारच्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीत आणलेली, त्यामुळे चित्रावर सतत मुंग्या. मालिकेत एक बाई होती. नवरा साधा कारकून, घर बेताचं, पण तोरा एखाद्या संस्थानच्या राणीसाहेबांचा. दाराची घंटा वाजली की आधी टेबलावरचं मासिक उचलून तिथे जाड पुस्तक उघडं ठेवायची, मग दार उघडायची. चहा पिताना करंगळी अशी काही वर, की बघणाऱ्याच्या डोळ्यात जाईल. आणि तिचा सख्खा भाऊ मासे विकायचा, गाडीतून, घंटी वाजवत. बाईंकडे कोणी बडे पाहुणे आले की नेमकी त्याची घंटी गल्लीच्या तोंडाशी. मग बाईंची धावपळ. पडदे ओढ, नवऱ्याला मागच्या दाराने पिटाळ, आणि अगदीच समोरासमोर आले तर पाहुण्यांना सांगायचं, हे आमचे मासेवाले.

आई हसून हसून डोळ्यांना पदर लावायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती तांदूळ निवडत बसायची आणि मी शेजारी बसून भाषांतर करायची, निम्मं खरं, निम्मं पदरचं. मधूनच ती म्हणायची, "दमत असेल गं बिचारी दिवसभर." मला राग यायचा. ती बाई हसण्यासाठी होती, कीव करण्यासाठी नव्हती. पण आईचं आपलं, पाय दुखत असतील, झोप लागत नसेल, सतत कान दाराकडे.

त्याच वर्षी आई लोकांकडे पोळ्या करायला जायला लागली. का, ते आता उगाळत नाही. रोज सकाळी साडेदहाला केस चापून बांधून, पिशवीत स्वतःचं लाटणं घालून निघायची. दुसऱ्याच्या लाटण्यावर तिचा हात बसायचा नाही. दुपारी परतली की तिच्या अंगाला तव्याचा वास असायचा आणि मनगटावर कुठेतरी नवीन लाल रेघ. कोणाकोणाकडे जाते हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शाळेत मी सांगून टाकलं होतं, माझी आई लायब्ररीत असते. लायब्ररीच का सुचली कोण जाणे. शांत वाटली असेल.

पोळ्या ती घडीच्या करायची, चार पदरी, तव्यावरून उतरली की दोन तळव्यांत धरून हलकेच आपटायची, मग पदर सुटायचे आणि वाफ निघायची. शेवटी हातात लहानसा गोळा उरायचा. त्याची छोटी पोळी लाटून त्यावर गूळ आणि तूप, मग गुंडाळी, आणि दोन्ही टोकं आत खोचलेली, म्हणजे तूप कोपरापर्यंत गळत नाही. ती शेवटच्या गोळ्याची पोळी माझी असायची. लहानपणापासून माझीच. त्या वर्षी ती बंद झाली. घरी आल्यावर आईला पुन्हा पोळपाट मांडायचा कंटाळा यायचा, मी समजून घेतलं असं मला वाटायचं.

रेणुका माझ्या वर्गातली. प्रभात रोडला तिचा बंगला होता. तिच्याबरोबर डबा खायला मिळावा म्हणून मी काय काय केलं ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला विज्ञानाच्या तक्त्यासाठी घरी बोलावलं. मी शेजारच्या ताईचा ड्रेस मागून घातला. दारात गेल्याबरोबर थंडगार वास आला, फरशीच्या पॉलिशचा आणि कॉफीचा, आणि कुठेतरी लांब आत तव्यावर पोळी पडल्याचा.

जेवायला टेबलावर बसलो. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. ओट्याशी पाठमोरी माझी आई उभी होती.

ती वळली, हातात पोळीची ताटली घेऊन, आणि तिने मला पाहिलं. पोळीची वाफ अजून वर जात होती एवढं आठवतं. माझ्या अंगावरचा मागून घातलेला ड्रेस तिने बघितला, बाजूला बसलेली रेणुका बघितली. मग टेबलाजवळ आली, माझ्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाली,

"नाव काय गं बाळ तुझं?"

मी नाव सांगितलं. नुसतं पहिलं. आडनाव गिळलं.

रेणुकाच्या आईने मग प्रेमाने विचारलं, आई काय करते गं तुझी? मी म्हटलं, लायब्ररीत असते. आत लाटणं चालू होतं ते थांबलं नाही, हे मी पक्कं ऐकलं, कारण थांबतंय का याकडेच माझा कान होता. आईने सगळ्यांना सारखं तूप वाढलं. घरी माझ्या पोळीवर नेहमी एक चमचा जास्त असायचा. त्या दिवशी नव्हता. आणि शेवटी ती एका बशीत गुळतुपाची गुंडाळी घेऊन आली, दोन्ही टोकं आत खोचलेली, आणि रेणुकासमोर ठेवली. रेणुका म्हणाली, आमच्या पोळीवाल्या काकू माझ्यासाठी रोज करतात. खोटं कशाला सांगू, आई दुसऱ्याच्या ओट्याशी उभी होती याचं मला जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं त्या गुंडाळीचं वाटलं.

तो शनिवार होता, मालिकेचा. मला वाटलं आज आई टीव्ही लावायची नाही. तिने लावला. तांदळाचं ताट घेऊन बसली. त्या भागात बाईंकडे कोणी मोठे लोक जेवायला आलेले, बाहेर मरणाचा पाऊस, आणि भाऊ कोपऱ्यावर गाडीत बसून. बाई छत्री घेऊन त्याच्याकडे पळत जाते, तो काहीतरी म्हणतो, आणि मागे नेहमीचा तो न दिसणाऱ्या लोकांचा हशा. आईने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, असंच. आई ताटातला खडा शोधत म्हणाली, "कळलं मला. बसतो म्हणाला." त्या भागाला ती एकदाही हसली नाही.

यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. पण तिने काय केलं, तर माझी सोय केली. रेणुकाकडे माझं जाणंयेणं वाढलं, आणि आदल्या दिवशी आई सहज बोलल्यासारखं, भाजी चिरता चिरता म्हणायची, उद्या प्रभात रोडला मी जरा उशिरा जाणारे, बारानंतर. म्हणजे मी बाराच्या आत निघायचं. शाळा संपेपर्यंत आम्हा दोघींचं हे वेळापत्रक चाललं आणि एकदाही चुकलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी रेणुका अमेरिकेत होती. तरी पत्रिका मी मुद्दाम उशिरा पाठवली, न जाणो आली तर. आईने पाकिटावरचं नाव पाहिलं, कॅलेंडरवरची तारीख पाहिली आणि पाकीट तसंच पोस्टात टाकलं.

आता इथे सतरा वर्षं झाली. हे गाव मोठं टापटिपीचं. इथे म्हाताऱ्या बायका कुत्र्याला फिरवायलासुद्धा इस्त्रीचा कोट घालून निघतात. मीही शिकले. रविवारी कूखन, म्हणजे केक, घरी करायचा नाही, कोंडिटोरायमधून, म्हणजे केकच्या दुकानातून आणायचा, पण पुठ्ठ्याचा खोका पाहुण्यांच्या आधी बाहेर टाकायचा. फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडायची की बंद करायची यावर मी खूप विचार केलेला आहे. कोणी यायचं असलं की सोफ्यावरची गोधडी कपाटात. आई तीन महिन्यांसाठी आली तेव्हा पहिल्याच रविवारी मी तिला म्हटलं, आई, बाल्कनीत साडी वाळत नको घालूस गं, इथे बरं दिसत नाही. तिने निमूटपणे साडी काढली आणि बाथरूममध्ये नेली. निखिल, माझा नवरा, हसत म्हणाला, "तुमची ती मालिकेतली बाई, बरं का." आई म्हणाली, "नका हो निखिलराव, दमते ती."

तरी पहिली लहान पोळी, गाईची म्हणून, ती इथेही करायची. गाय कुठून आणणार, तर बाल्कनीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी ठेवायची. तेवढं मी चालवून घेतलं. बघा, म्हणजे 'चालवून घेतलं' असं माझ्या तोंडी येतं.

आणि रेणुकाचा फोन आला. तिच्या नवऱ्याला नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, शाळेच्या ग्रुपवरून तिने माझा नंबर मिळवला. फोन स्पीकरवर होता. अगं दोन तासांवर आहोत आपण, रविवारी चारला येते, एकटीच येते, पोटभर बोलू. आई टेबलाशी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही, फक्त फोन ठेवल्यावर विचारलं, चारला ना? मी म्हटलं, हो. सांगायचं होतं. सहा दिवस माझ्याकडे होते. सोमवारी ठरवलं, गुरुवारी ठरवलं. सांगायचं तरी काय, आणि कोणाला आधी, रेणुकाला की आईला? शनिवारी फ्लोमार्क्टात आईने ते कप घेतले.

रविवारी निखिल लेकीला घेऊन पोहण्याच्या स्पर्धेला गेला. जेवणं झाल्यावर आईने पुन्हा पोळपाट काढला. मी टेबलक्लॉथला इस्त्री करत होते. साडेतीनला बघते तर आई दारात उभी. साडीवर माझं जुनं जाड जॅकेट, पायांत मोजे, हातात पिशवी. टेबलावर ते दोन कप, धुऊन पुसून, शेजारी झाकलेली बशी.

"मी जरा समोरच्या कुअरपार्कात बसून येते. सहापर्यंत," ती म्हणाली. "बशीतल्या रेणुकाला दे, तिला आवडायच्या. तूच केल्यास म्हण."

आणि मी, तिची एकुलती एक मुलगी, काय म्हणावं मी? म्हटलं, "गार आहे बाहेर, मफलर घे."

तिने मफलर घेतला. जिन्यावर तिची पावलं हळूहळू उतरताना ऐकली, मग खालचं दार लागलं. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. रस्ता ओलांडताना ती दोन्हीकडे दोनदोनदा बघत होती, गाड्या इकडे उलट्या बाजूने येतात म्हणून. तिला हाक मारून परत बोलवावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी, देवाशपथ, सुटल्यासारखंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत आहे.

रेणुका बरोबर चारला आली. जाड झाली होती, केस पांढरे ठेवले होते, आणि आल्या आल्या बूट भिरकावून सोफ्यावर मांडी घालून बसली. गोधडी नाहीये का गं एखादी, पाय गार पडलेत, म्हणाली. मी कपाटातून काढून दिली. कपांचं तिला कौतुक वाटलं नाही, मोठा मग नाही का, एवढ्याशा चहाने काय होतंय म्हणाली. मी कूखन कापत होते, तिने बशीवरचं झाकण काढलं, एक गुंडाळी उचलली, आणि तोंडात घालायच्या आधी ती उलटीसुलटी करून बघितली. खोचलेली टोकं बघितली. मग खाल्ली. चावत होती आणि डोळे भरत होते.

"कोणी केल्या?"

"मीच," मी म्हटलं.

इतक्या वर्षांनंतर, माझ्याच घरात.

रेणुका म्हणाली की आमच्या काकू अशाच करायच्या, टोकं आत खोचून. तुला आठवतात का गं, तू एकदा जेवायला होतीस. आईच्या आजारपणात शेवटी दोन वर्षं त्यांनीच आईला भरवलं, पोळ्या करायच्या वेळेच्या वर एक तास थांबून. हे मला माहीतच नव्हतं. माझ्या आईने कोणाच्या तरी आईला दोन वर्षं भरवलं होतं आणि ती घरी येऊन नुसती पाय चोळत बसायची. रेणुका म्हणाली, नंतर खूप शोधलं, पत्ता कोणालाच माहीत नव्हता. नाव विचारायचंसुद्धा आमच्याकडे कोणाला सुचलं नाही बघ, लाज वाटते. मग तिने दुसरी गुंडाळी हातात घेतली, पण खाल्ली नाही.

"असतील का गं त्या अजून?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. मला तो कोपऱ्यावर गाडीत बसलेला भाऊ दिसला, मुंग्यांतून, आणि मागचा हशा ऐकू आला.

"आहेत," मी म्हटलं. "समोरच्या पार्कात बसल्यात. माझी आई आहे ती."

हातातली गुंडाळी रेणुकाने बशीत ठेवली, गोधडी बाजूला केली आणि बूट घालायला लागली. नाड्या बांधताना खाली बघूनच तिने विचारलं, मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी माझा कोट खुंटीवरून काढला.

त्या दिवसानंतर आई आणखी पाच आठवडे इथे राहिली. रेणुका दोनदा आली, आईला गाडीतून नेकारसुल्मला घेऊन गेली, तिच्यापाशी रडली. सगळं छान झालं असं कोणीही म्हणेल. पण आता मी पुण्याला फोन करते तेव्हा माझ्यामागे कोणाचा आवाज आला, निखिलचा, लेकीच्या मैत्रिणीचा, की आई पहिलं विचारते, कोणी आलंय का गं? ठेवते हं मग मी, म्हणते. मी म्हणते ठेवू नकोस, कोणी नाही. तोवर तिने ठेवलेला असतो. आज सकाळीही ठेवला. म्हणून तर कपाटातून कप काढला.

कुअरपार्कात झऱ्यापाशी चेस्टनटची झाडं आहेत. खाली ओल्या पानांचा सडा, आणि झऱ्याच्या पाण्याला गंजलेल्या लोखंडाचा वास. त्या रविवारी माणसं भुरभुर लागल्यावर पांगली होती. आई एका बाकावर अगदी टोकाला बसली होती, बाकीचा बाक दुसऱ्या कोणासाठी रिकामा ठेवून. पिशवी मांडीवर, पाठ ताठ, मफलर डोक्यावरून घेतलेला. आम्हा दोघींना येताना बघून ती उठली. तिची नजर माझ्यावरून ओळख नसल्यासारखी पुढे सरकली, किती सराईतपणे सरकली, आणि रेणुकाकडे बघून ती परक्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली.

मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता. मोठ्याने म्हटलं, कोणीही ऐकावं इतक्या मोठ्याने, "रेणुका, ही माझी आई."

आईने हात सोडवून घेतला, बाही वर सरकवून घड्याळ बघितलं, आणि काळजीने, मला एकटीलाच ऐकू येईल अशी म्हणाली,

"अगं, सहा वाजायचेत अजून."